बॉनेटवरचा पोचा

आमच्या बाबांना गाडी चालवण्यापेक्षा गाडी पुसण्यात जास्त रस आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते आणि ते त्यांना आवडत नाही. पण खरं आहे ते. सकाळी साडेसहाला बादली, दोन फडकी आणि एक जुना दात घासायचा ब्रश घेऊन ते पोर्चमध्ये उतरतात. एक फडकं वरच्या भागाला, दुसरं चाकांना. फडक्यांची अदलाबदल झाली तर त्या दिवशी कुणाचं काही खरं नाही.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. जुन्या जीपसारखी दिसणारी, उंच, चारी चाकांनी ओढणारी, दगडधोंड्यांतून जाणारी. बाबांनी ती त्र्याहत्तराव्या वर्षी घेतली. उज्जैनमध्ये हिला चढायला काय आहे, असं मी विचारलं होतं, कारण आमच्या कॉलनीत सगळ्यात उंच चढ म्हणजे बस स्टँडकडे जाताना लागणारा स्पीडब्रेकर. बाबा म्हणाले, "तू बसू नकोस." विषय संपला.

त्यांचं कारण मला ठाऊक होतं. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभी नोकरी जीपमध्ये काढली. माळव्यातलं एकही धरण, एकही तलाव असा नाही जिथे ती सरकारी जीप गेली नाही. तिचा पत्रा असा होता की एकदा बैलगाडी येऊन धडकली तर बैलगाडीचंच जू मोडलं आणि जीपचा फक्त रंग उडाला. आम्ही भावंडं तिच्या बॉनेटवर बसून चिंचा खायचो. बाबा शेजारी उभे राहून नकाशे बघायचे आणि आम्हाला उतरा म्हणायचे नाहीत, कारण त्या पत्र्याला आमची काही पर्वा नव्हती.

नवी गाडी आली त्या आठवड्यात कॉलनीतल्या मुलांचा टेनिसचा चेंडू दारावर लागला आणि तिथे वाटीएवढी खळी पडली. बाबांनी खळीच्या कडेला अंगठा दाबला, खळी टुक् करून बाहेर आली. मग त्यांनी शेजारी अंगठा दाबून बघितला. पत्रा आत गेला आणि परत आला. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हल्ली पत्रा पातळच करतात. वजन कमी, पेट्रोल कमी. आणि माणूस समोर आला तर त्याला कमी लागतं." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चाकं लावलेला बिस्किटाचा डबा घेतलाय." आई हसली. बाबांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मी शाळेत शिकवते, आईबाबांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, आणि जिभेला हाड नाही हा माझा घरातला लौकिक आहे. त्यामुळे होळी होऊन गेल्यानंतरच्या एका सकाळी बाबांनी खालून मला हाक मारली तेव्हा मी जिन्यावरूनच म्हणाले, "काय झालं, डबा गंजला का?"

बाबांनी नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं. ओलं फडकं हातात तसंच होतं आणि पाणी त्यांच्या चपलेवर टपकत होतं. बॉनेटच्या डाव्या बाजूला एक पोचा पडला होता. परातीएवढा रुंद, फार खोल नाही. रंग कुठे उडाला नव्हता, ओरखडा नव्हता. पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की तिथे आभाळ वाकडं दिसत होतं.

"काल भैरवगढला गेलो होतो ना," बाबा म्हणाले.

गेले होते. मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तिला द्यायला छापाच्या चादरी आणायच्या होत्या. एकटे गेले, बाराच्या आत परत आले, जेवले आणि झोपले. चादरी आईच्या पलंगावर अजून तशाच होत्या.

"येताना वळणावर गर्दी होती," बाबा सांगायला लागले. "एक मोटरसायकल आडवी पडलेली. एक माणूस रस्त्यात बसलेला, गुडघा धरून. मी गाडी हळू केली, बाजूनं काढली आणि आलो. मला असं आठवतंय."

"मग?"

"मग हे काय आहे?" त्यांनी पोच्यावर हात ठेवला. "माणूस आपटला तर असंच होईल या पत्र्याला. बरोबर असंच. मला जे आठवतंय तसंच झालं होतं का, की मीच त्याला..."

मी हसले. खोटं का बोलू, पहिल्यांदा मी हसलेच. मग त्यांचा चेहरा नीट बघितला आणि हसणं तिथेच सोडलं.

त्याचं कारण इंदूरचे काका. बाबांचे सख्खे मोठे भाऊ. तोंडी हिशोबात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागच्या वर्षी एका मुंजीत त्यांनी बाबांना हात जोडून विचारलं, "आपण कोण?" त्याआधीचं वर्षभर त्यांच्या हातून लहानसहान चुका होत होत्या आणि आम्ही सगळे त्यावर हसत होतो. मुंजीहून आल्यापासून बाबा आंघोळीच्या वेळी काहीतरी पुटपुटायला लागले. मला वाटलं, म्हातारपणी स्तोत्रं सुरू केली. एक दिवस दाराशी थांबून ऐकलं तर ते धरणांची नावं म्हणत होते, नदीच्या क्रमानं, एकही न गाळता. मग उलटी.

तेव्हा प्रश्न बॉनेटचा नव्हता, हे मला त्या पोर्चमध्येच कळलं. आपण एका माणसाला धडक दिली, तसेच घरी आलो, जेवलो, झोपलो आणि विसरलो, असं बाबांना वाटत होतं. ते खरं असेल तर कुणीतरी त्यांच्यामुळे जखमी होऊन पडलं होतं. आणि ते खरं असेल तर बाबाही काकांच्या वाटेला लागले होते.

"आईला सांगायचं नाही," ते म्हणाले.

दिवाळीत आईच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरांनी जड उचलू नका, उन्हात राबू नका, ताण घेऊ नका अशी लांबलचक यादी दिली होती, आणि ती मी फ्रिजवर चिकटवली होती. त्यामुळे मी लगेच कबूल केलं. आम्ही दोघांनी गाडी फिरवली आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं. आईला सांगितलं, बॅटरी बघायची आहे, चार दिवस गाडी काढायची नाही.

चार दिवसांचे आठ झाले. बाबांनी किल्ली माझ्याकडे देऊन टाकली. रोज सकाळी फिरायला म्हणून जायचे आणि दहा वाजता परत यायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला. मला वाटलं, बागेत बसत असतील. जेवण निम्म्यावर आलं. मी ठाण्यात जाऊन चौकशी करू या म्हटलं, तर म्हणाले, "आधी मला कळू दे मी काय केलंय ते. मग मी स्वतः जाईन." शाळेतून येताना मी वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या बातम्या वाचत यायचे. भैरवगढचं नाव दिसलं नाही की एक दिवस बरा जायचा.

आईसुद्धा त्या दिवसांत गप्प होती. गाडीचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. एरवी बॅटरी उतरली म्हटल्यावर तिनं बाबांना दिवसभर चिडवलं असतं. मला वाटलं, तिला काहीतरी कळलंय आणि ती आमच्या तोंडून ऐकायची वाट बघतेय. त्या घरात तीन माणसं आणि तिघंही मांजरासारखी पाय न वाजवता हिंडत होती.

नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाबा, बास झालं. गाडी डेंटरला दाखवू. त्याचा जन्म पोचे बघण्यात गेलाय. तो सांगेल काय लागलंय ते."

 "बरं," ते म्हणाले. "पण तो म्हणाला की हे माणसाचं आहे, तर मी तिथूनच ठाण्यात जाणार. तू अडवायचं नाहीस."

गाडी मी चालवली. बाबा शेजारी बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवी. नानाखेड्याच्या बस स्टँडपाशी लाल दिव्याला थांबले तेव्हा मी पिशवीत डोकावले. दुसरा शर्ट, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी, आधार कार्डाची झेरॉक्स, चष्म्याचं घर आणि दात घासायचा ब्रश. दिवा हिरवा झाला. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला आणि मला काही दिसेना. मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. बाबा म्हणाले, "अगं, काय वेडी आहेस. पुढे घे, तो चिडलाय." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

डेंटरचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर तीन गाड्यांचे दरवाजे टेकवून ठेवलेले. माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं आधी काही विचारलं नाही. बॉनेटच्या पातळीला वाकून, एक डोळा मिटून त्यानं पत्र्यावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं. मग चष्मा काढला, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. डॉक्टर पोट दाबून बघतात तसा.

"क्या हुआ था?" त्यानं विचारलं.

"मुझे नहीं मालूम," बाबा म्हणाले. हे तीन शब्द बोलताना त्यांना किती त्रास झाला ते फक्त मला कळलं.

तो समोर उकिडवा बसला. बंपर बघितला, जाळी बघितली, दिव्यांच्या कडा नखानं तपासल्या. मग बॉनेट उघडून खालून हात घातला, दोन ठिकाणी टिचकी मारली, आणि फडक्याला हात पुसत उभा राहिला.

"बाऊजी, ये टक्कर नहीं है."

बाबा म्हणाले, "पक्का?"

"टक्कर होती तो पहले आगे लगती. बंपर पे, ग्रिल पे. आगे सब साफ है. आदमी गिरता तो कोहनी लगती, बटन लगता, कड़ा लगता, रंग पे कहीं तो निशान आता. इधर एक खरोंच नहीं है. और देखो, किनारा कितना नरम है." त्यानं बाबांचा हात धरून पोच्याच्या कडेवरून फिरवला. "ये ऊपर से वजन रखा है किसी ने. गोल चीज. आराम से रखी है, नीचे कपड़ा बिछा के, और फिर ऊपर से जोर लगाया है. पुरानी जीप होती तो कुछ नहीं होता. उसपे हथौड़ा मारो तो हथौड़ा वापस आता था. ये आजकल की चद्दर तो हम उँगली से सीधी करते हैं."

"गोल चीज?" मी विचारलं. "बॉनेटवर कोण कशाला ठेवेल?"

त्यानं खांदे उडवले आणि काच संपते तिथल्या, वायपरखालच्या फटीतला कचरा बोटानं काढायला लागला. सुकलेली पानं, माती, आणि मग पांढरट, पारदर्शक, दोऱ्यासारखं वेटोळं काहीतरी. त्यानं ते उजेडात धरलं. "गाड़ी पे सेवई खाते हो क्या दीदी?"

मी ते हातात घेतलं. कडकडीत वाळलेलं होतं. तोडलं तर कट् झालं. मी सरळ तोंडात टाकलं. बाबा "अगं, काय करतेस!" म्हणेपर्यंत मला जिभेवर मीठ लागलं, मग आंबूस गहू. आणि मी हसायला लागले. असं हसू आठ दिवसांत आलं नव्हतं.

"बाबा, ही कुरडई आहे."

"कुरडई?"

"आईची."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्याही ध्यानात आलं. सरकारी क्वार्टरला गच्ची नव्हती. उन्हाळा लागला की आई त्या जीपचं बॉनेट ताब्यात घ्यायची. कमरेएवढं उंच, सपाट, तव्यासारखं तापलेलं. घडी घातलेल्या गोधडीवर चिकाचं पातेलं ठेवायची, गुठळ्या मोडायला लाकडी दांड्यानं दोन्ही हातांनी हाटायची, आणि पातेल्याच्या भोवतीनं प्लास्टिक अंथरून तिथेच सोऱ्यानं कुरडया घालायची. बाबांना दौऱ्यावर जायचं असलं तर कुरडया उचलेपर्यंत खातं थांबायचं. आणि यंदा तर आम्ही तिला वाळवण करायचंच नाही म्हणून बजावलं होतं. विकतच्या कुरडयांचं पाकीट मी स्वतः आणून दिलं होतं.

डेंटरला मी हे हिंदीत समजावून सांगितलं. तो इतका हसला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. मग त्यानं बॉनेटखाली हात घातला, तळव्यानं कुठेतरी दाब दिला, आणि टक् असा आवाज होऊन पोचा गेला. एवढंच. आठ दिवसांचं आमचं मरण एका टक् मध्ये संपलं. त्यानं चहा मागवला. बाबांनी कप हातात धरला, प्यायले मात्र नाहीत. घरी येईपर्यंत ती पिशवी त्यांनी मांडीवर तशीच धरून ठेवली. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं आणि त्यांचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता.

आई कोथिंबीर निवडत बसली होती.

"आई, कुरडया कुठे ठेवल्यास?" मी विचारलं.

"कुठल्या कुरडया? तू आणल्यास त्या? डब्यात आहेत." पण म्हणताना तिचे डोळे माळ्याकडे गेले आणि मी तिकडे बघितलं. मग ती उसळलीच. "हो, केल्या! काय करशील? ते पाकिटातलं तळलं की नुसता कागद. लग्नाच्या घरी ते पाठवायचं का मी? मला काय मालूम नाही डॉक्टरनी काय सांगितलं? मी कुठे जड उचललं? पातेलं बाईनं उचललं. मी फक्त हाटलं."

"कधी?"

"हे भैरवगढला गेले तेव्हा चीक शिजवला. हे आले, जेवले, झोपले. गाडी उन्हात उभी होती, मस्त तापलेली. फटाफट घातल्या, आणि वाळायला शेजारच्यांच्या गच्चीवर दिल्या." मग आवाज एकदम खाली आला. "पातेलं उचललं तर खाली खड्डा.  त्या जीपवर मी इतकी वर्षं चीक हाटला, तिला कधी काही झालं नाही. या गाडीत काही दमच नाही. मला वाटलं, आता हे आरडाओरडा, हल्ला करतील. पण हे काही बोललेच नाहीत. मग मला वाटलं, दिसलंच नाही यांना. गप्प बसले."

"आम्ही तुझ्यासाठी गप्प बसलो!" मी ओरडले. "तुला ताण नको म्हणून!"

"कसला ताण? खड्ड्याचा?"

बाबा खुर्चीवर बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसले. म्हणाले, "मी फिरायला जात नव्हतो. रोज ऑटोनं भैरवगढला जात होतो."

"कशाला?" आईनं विचारलं.

"त्या वळणावर एक चहावाला आहे. त्याला रोज विचारत होतो, त्या दिवशी कोण पडलं होतं, कुणी पाडलं. तो म्हणायचा, बाऊजी, वाळूवर गाडी घसरली, कुणी नाही पाडलं, तुमची गाडी तर नंतर आली. मला खरं वाटायचं नाही. वाटायचं, म्हातारा माणूस बघून चांगुलपणानं सांगतोय. म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचो. दोन दिवस रस्त्यावरच्या दुकानांतून चालत विचारत गेलो. मला वाटलं, मी माणूस पाडला आणि विसरलो. दादासारखा."

आईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. ती उठली, आणि उठायला तिला वेळ लागतो, तरी उठली, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. आमच्या घरात मुलांसमोर कुणी कुणाचा हात धरत नाही. तिनं धरला.

"अहो, मी केला तो खड्डा," ती म्हणाली. "तुम्ही आत घोरत होता."

"म्हणजे मी कुणाला ठोकलं नाही."

"नाही हो."

"आणि विसरलोही नाही."

"विसरायला काही झालंच नव्हतं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी पाणी आणायला वळले तेव्हा ते हळूच म्हणाले, "परत सांग."

भाजीत मीठ किती घालायचं हेही दुसऱ्यांदा विचारलं तर चिडणारी माझी आई. तिनं परत सांगितलं. सगळं पहिल्यापासून, चीक शिजवला तिथपासून, पातेलं, गोधडी, ऊन, खड्डा, आणि तो संपूर्ण वेळ तुम्ही आत झोपला होतात. मी पाण्याचा पेला घेऊन आले तर ती तिसऱ्यांदा सांगत होती, आणि बाबा डोळे मिटूनच मान हलवत होते.